८४ पर्सेंटाइलला अडकलेली तयारी

वय २५. इंजिनिअरिंगची पदवी, हिंजवडीतल्या एका कंपनीत सपोर्टची नोकरी, शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. राहायला कर्वेनगरला आत्याकडे, आईवडील फलटणला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला ६८ टक्के. ऑगस्ट २०२४ मध्ये ती कॅटच्या, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या, मॉकचे (सराव परीक्षांचे) रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा सहा मॉक देऊन झाले होते आणि सहाही मॉकमध्ये पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे तो आकडा, ८२ ते ८६ च्या मध्येच घुटमळत होतं. क्लास लावलेला होता, व्हिडिओ बघून झाले होते, सूत्रांची वही भरली होती. आकडा हलत नव्हता.

तिचं निदान ती घरूनच करून आली होती. ‘सर, माझं इंग्लिशच कच्चं आहे. मराठी मीडियम ना.’ क्लासमध्येही तिला तेच सांगितलेलं. म्हणून ती रोज सकाळी दोन तास इंग्रजी वर्तमानपत्राचे अग्रलेख वाचायची, नवे शब्द वहीत उतरवायची आणि उरलेल्या तासाभरात गणित. डीआयएलआर (डेटा आणि तर्काचे प्रश्न) शनिवार-रविवारी, वेळ मिळाला तर.

परीक्षेचा साचा थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. कॅटला तीन सेक्शन: वाचन-भाषा, डेटा-तर्क, गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं, क्रम ठरलेला, एका सेक्शनमधून दुसऱ्यात उडी नाही. २०२४ च्या पेपरात अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. ज्या प्रश्नांत पर्याय नसतात, उत्तर टाइप करायचं असतं, तिथे चुकलं तरी वजा काही होत नाही.

आता तिच्या सहाव्या मॉकचे आकडे. वाचन-भाषेत २० सोडवले, ९ बरोबर, ११ चूक. त्यातले तीन टाइप करायचे, म्हणून वजा ८. हाती १९. डीआयएलआरमध्ये ९ सोडवले, ४ बरोबर, चुकलेल्या पाचांतले दोन टाइप करायचे, हाती जेमतेम ९. गणितात १२ सोडवले, ९ बरोबर, चुकलेल्या तिनांतला एक टाइप करायचा, हाती २५. एकूण ५३.

इंग्रजी कच्चं असलेल्या मुलीला इंग्रजीत १९ आणि ज्या सेक्शनमध्ये भाषेचा फारसा संबंध नाही तिथे ९. तिने हे रिपोर्ट सहा वेळा पाहिले होते. पण प्रत्येक वेळी सगळ्यात वरचा एकूण आकडा पाहायचा, उसासा टाकायचा आणि पुढचा मॉक लावायचा. मॉक देणाऱ्या दहातली आठ मुलं हेच करतात. मॉक दोन तासांचा आणि त्याचं अॅनालिसिस दहा मिनिटांचं, हे प्रमाण मला कधीच पटलेलं नाही. अॅनालिसिसला मॉकपेक्षा जास्त वेळ लागला पाहिजे. म्हणून पहिलं काम हे केलं की नवीन मॉक तीन आठवडे बंद. क्लासच्या वेळापत्रकापेक्षा मागे पडेन म्हणून ती कुरकुरली. पडू दे म्हटलं.

डीआयएलआरची ती ४० मिनिटं

मॉकच्या रिपोर्टमध्ये कुठल्या प्रश्नावर किती वेळ गेला तेही येतं. सेक्शनमध्ये पाच सेट होते, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे पाच गट. पहिल्यावर ९ मिनिटं, एकही उत्तर नाही. दुसऱ्यावर ११, तिसऱ्यावर ६, चौथ्यावर ८, पाचव्यावर ६. म्हणजे पाचही दारं वाजवली आणि कुठेही आत गेली नाही. पहिला सेट सोडताना तिला वाटलं, आणखी एक मिनिट दिलं तर सुटेल. त्या एका एका मिनिटाची नऊ झाली.

तोच पहिला सेट आम्ही घड्याळ न लावता पुन्हा उघडला. सहा संघांची स्पर्धा, प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळणार, जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक. शेवटच्या गुणांबद्दल काही अर्धवट माहिती दिलेली आणि सगळ्या संघांचे गुण मिळून ४१. तिने काय केलं होतं? कागदावर १५ सामन्यांची यादी केली आणि एकेक सामना कोणी जिंकला ते शोधायला बसली. ते त्या टप्प्यावर कळणारच नव्हतं.

तिला विचारलं, ‘एका सामन्यातून एकूण किती गुण वाटले जातात?’

‘तीन. बरोबरी असेल तर दोन.’

‘मग सगळे सामने निकाली लागले असते तर?’

‘पंचेचाळीस.’ आणि मग तीच म्हणाली, ‘म्हणजे चार बरोबरीत सुटलेत.’

बस्स, सेटची किल्ली एवढीच. ४५ वजा ४१. पुढचे चारही प्रश्न तिने सात मिनिटांत संपवले. तर्क कमी पडतोय असं मला कुठेच दिसलं नाही. तिला सवय लागली होती ती प्रश्न वाचल्या वाचल्या पेन चालवायची. एकूण काय माहीत आहे, काय बदलणार नाही, हे आधी बघायचं असतं, हे तिला कुणी करून दाखवलंच नव्हतं. क्लासमध्ये सेट सोडवून दाखवतात. सेट निवडून दाखवत नाहीत. फळ्यावर तो सेट आधीच निवडलेला असतो.

इथून तिचा नियम ठरला. पहिली सहा मिनिटं पेन खाली, पाचही सेट फक्त वाचायचे. माहिती तक्त्यात बसते का, काही बेरीज ठरलेली आहे का, प्रश्नांत ‘जर अमुक असेल तर’ अशी नवी अट प्रत्येक वेळी घुसते का, एवढंच बघायचं. मग दोन सेट निवडायचे आणि ते पूर्ण संपवायचे. वेळ उरला तर तिसरा. सुरुवातीला या सहा मिनिटांत तिचा जीव खालीवर व्हायचा. ‘बाकीचे तेवढ्यात तीन प्रश्न सोडवत असतील.’ असतील. पण दोन सेट नीट झाले की आठ-नऊ प्रश्न बरोबर येतात, आणि तिची आधीची सगळी कमाई होती चार.

गणित: जिथे सगळं ठीक दिसत होतं

१२ पैकी ९ बरोबर म्हणजे गणित उत्तम, असं तीही म्हणाली आणि मलाही पहिल्यांदा तसंच वाटेल असा तो आकडा होता. पण २२ पैकी १२ च का? पुन्हा वेळेकडे पाहिलं. एका प्रश्नावर पाच मिनिटं चाळीस सेकंद. प्रश्न साधा दिसणारा: xy + 3x + 2y = ३० या समीकरणाला x आणि y च्या पूर्णांक जोड्या किती?

तिने x ला १, २, ३ अशा किमती देत y काढायला सुरुवात केली होती. दोन्ही बाजूंना ६ मिळवले की डावीकडे (x + 2)(y + 3) होतं आणि उजवीकडे ३६. ३६ चे धन विभाजक ९, ऋणही धरले तर १८. उत्तर १८. किमती देत देत तिचं उत्तर आलं होतं ७, म्हणजे x साठी शून्य आणि ऋण संख्या विसरलेल्या. टाइप करायचा प्रश्न, म्हणून गुण गेला नाही. पण सरासरीने तीन प्रश्नांचा वेळ गेला. २२ प्रश्न आणि ४० मिनिटं म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

इंजिनिअरिंगच्या मुलांचं हे ठरलेलं दुखणं आहे. प्रश्न सोडला तर कमीपणा वाटतो. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर खूण करून पुढे जायचं, एवढा एकच बदल गणितात केला. नवीन काही शिकवलं नाही.

आणि इंग्रजी

आता तिच्या आवडत्या संशयिताकडे. चुकलेल्या उत्तरांवर आम्ही दोन रविवार घालवले. एका उताऱ्यात लेखकाचं म्हणणं असं होतं की जुने नकाशे जमिनीबद्दल जितकं सांगतात त्याहून जास्त ते काढणाऱ्याला कशात रस होता ते सांगतात. प्रश्न: लेखक पुढीलपैकी कोणत्या विधानाशी सहमत होईल? तिने निवडलेलं विधान होतं की नकाशे काळानुसार अधिकाधिक अचूक होत गेले.

‘पण ते खरं आहे ना सर?’

खरं आहे. उताऱ्यात नाही. अकरा चुकांतल्या सहा या जातीच्या निघाल्या: जगात खरं, उताऱ्यात गैरहजर. शब्द न कळल्यामुळे झालेली चूक एक. म्हणजे दोन-दोन तास अग्रलेख वाचून ती ज्या रोगावर औषध घेत होती तो रोग एकअकरांश होता. उरलेल्या चार चुका शेवटच्या सहा मिनिटांत घाईघाईने टिक केलेल्या.

मग अग्रलेख दोन तासांवरून अर्ध्या तासावर आणले. (वाचन बंद करा असं मी कुणालाच सांगणार नाही, पण शब्दांची वही हा प्रकार मला वेळकाढू वाटतो.) त्याऐवजी रोज दोन उतारे, आणि निवडलेल्या प्रत्येक पर्यायासमोर उताऱ्यातल्या परिच्छेदाचा आकडा लिहायचा. आकडा लिहिता येत नसेल तर तो पर्याय गाळायचा. पहिले आठ-दहा दिवस तिचा वेग इतका मंदावला की ती रडकुंडीला आली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिच्या चुकांची संख्या अकरावरून पाचावर आली आणि सोडवलेले प्रश्नही २० वरून १६ वर. गुण मात्र वाढले.

वेळ आणि जागा

आत्याची तक्रार वेगळीच होती. ‘अगं, रात्री साडेअकराला दमून येतेस आणि लगेच काय पेपर लावतेस? पोरी, झोप आधी.’ आत्याचं बरोबर होतं. कॅटचे स्लॉट तीन असतात, सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि साडेचार. आपला कोणता ते प्रवेशपत्र आल्यावर कळतं. रात्री बाराचा स्लॉट नाही. तिचे पहिले सहाही मॉक मध्यरात्री दिलेले होते. पुढचे सगळे रविवारी, आळीपाळीने तिन्ही वेळांना.

शिफ्ट दुपारची असल्याने सकाळचे सात ते दहा तिच्या हातात होते. त्यासाठी तिने नारायण पेठेतली एक अभ्यासिका लावली. तिथे बहुतेक सगळी एमपीएससीची मुलं, त्यांच्या शांततेचा तिला फायदा झाला. अपवाद गणपतीचा. ७ ते १७ सप्टेंबर पेठेत बसून पॅरा जंबल (उलटसुलट दिलेली वाक्यं क्रमाने जुळवायचा प्रश्न) लावणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि कर्वेनगरात नदीकाठी ढोलपथकांचा सराव तर जुलैपासूनच सुरू. ते दहा दिवस तिने फक्त गणित केलं आणि विसर्जनाच्या दिवशी सुट्टी घेतली. या शहरात सप्टेंबरचं वेळापत्रक आखताना हे आधीच धरून चालावं.

नोकरी सोडून ड्रॉप घेऊ का, हा प्रश्न तिने ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा काढला. माझं मत स्पष्ट होतं: नको. सकाळचे तीन तास ती नीट वापरत होती. दिवसाचे बारा तास मिळाले असते तर त्यातले आठ काळजीत गेले असते. शिवाय मुलाखतीत सलग नोकरी दिसणं चांगलं.

२४ नोव्हेंबर आणि नंतर

त्या वर्षी परीक्षा आयआयएम कलकत्त्याने घेतली. तिला दुपारचा स्लॉट मिळाला. डीआयएलआरमध्ये ठरल्याप्रमाणे सहा मिनिटं वाचन, दोन सेट पूर्ण, तिसऱ्यातले दोन प्रश्न. डिसेंबरच्या १९ तारखेला निकाल: एकूण ९१.८. डीआयएलआर ९५ च्या वर, म्हणजे ऑगस्टमधलं सगळ्यात दुबळं अंग आता सगळ्यात बळकट. वाचन-भाषा ८७ ला थांबलं. ते आणखी दोन महिने मिळते तर वर गेलं असतं असं मला वाटतं, पण ते मत झालं.

फलटणहून बाबांचा फोन आला: ‘९१ टक्के म्हणजे चांगलेच की!’ ही समजूत घरोघरी असते. पर्सेंटाइल म्हणजे गुणांची टक्केवारी धरली जाते. त्या वर्षी सुमारे २ लाख ९३ हजार मुलांनी परीक्षा दिली, ९१.८ म्हणजे तिच्यापुढे अंदाजे चोवीस हजार. उलट बाजूने गंमत अशी की ९९ पर्सेंटाइलला एकूण गुणांच्या निम्मेच किंवा त्याहून कमी पुरतात. त्यात जुन्या आयआयएम दहावी-बारावीचे गुणही मोजतात, आणि तिचे बारावीचे ६८ तिथे आडवे येणारच होते. हे ऑगस्टमध्येच तिला सांगितलं होतं, म्हणून डिसेंबरमध्ये धक्का बसला नाही. या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते, हा हिशेब बाबांनी गप्प बसून ऐकला.

मध्ये डिसेंबरात सिम्बायोसिसची प्रवेशपरीक्षा स्नॅपही देऊन झाली. ६० प्रश्न, ६० मिनिटं. तयारीशिवाय दिली, गुणही तसेच आले. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी गडबड जानेवारीत झाली. महाराष्ट्रातल्या एमबीए प्रवेशासाठीच्या सीईटीचा पहिला मॉक तिने दिला आणि २०० पैकी १३१ प्रश्न सोडवून शांतपणे उठली. ६९ कोरे. का? ‘खात्री नव्हती सर.’

सीईटीला २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. आणि चुकीला वजा गुण नाहीत. पाच पर्यायांतला कुठलाही डोळे मिटून टिक केला तरी ६९ प्रश्नांत सरासरी तेरा-चौदा बरोबर येतात. तिने ते फुकटचे तेरा गुण टेबलावर सोडले होते, आणि सीईटीच्या वरच्या टोकाला तेरा गुणांत माणूस कुठच्या कुठे जातो. कॅटसाठी चार महिने घासून लावलेली सवय, म्हणजे खात्री नसेल तर सोड, इथे उलटी फिरली. दोन्ही परीक्षा एकाच तयारीत निघतात असं सर्रास सांगितलं जातं. अभ्यासक्रमापुरतं ते बरोबर आहे. हाताच्या सवयीपुरतं मुळीच नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने वेग कमावला. ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे आणि ५० भाषेचे, हे आधी उरकायचे. आकृत्यांचे २५, ज्यांचा तिने आयुष्यात सराव केला नव्हता, ते रोज पंचवीस मिनिटं. गणिताचे ५० शेवटी, कारण तिथे तिचा पाय अडकतो. कुठल्याही प्रश्नावर एका मिनिटावर गेलं की अंदाजाने टिक आणि पुढे. शेवटची तीन मिनिटं फक्त कोरे प्रश्न भरायला राखून. उताऱ्यांना परिच्छेदाचा आकडा लिहिण्याची सवय मात्र तशीच ठेवली. ती आता तिच्या डोळ्यांत बसली होती, लिहावं लागत नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला परीक्षा झाली. २०० पैकी एकही प्रश्न कोरा नव्हता. सीईटीत तिला ९९.३ पर्सेंटाइल मिळाले. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसाठी खुल्या गटात हे कमीच पडतात, ते तिला ठाऊक होतं. पुण्यातल्या दोन-तीन चांगल्या संस्था आवाक्यात होत्या. राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत मुलाखत नाही, गटचर्चा नाही. पर्सेंटाइल आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम, एवढ्यावर जागा ठरते. म्हणून पसंतीक्रम तिने माझ्याकडे नाही, बाबांसमोर बसून भरला. ते योग्यच होतं. फी तेच भरणार होते.

राहिला नोटीस पीरियड. तिच्या कंपनीत तो ९० दिवसांचा. कॅपच्या फेऱ्या पावसाळ्यात, आणि जागा पक्की झाल्यावर राजीनामा द्यायचा म्हटलं तर कॉलेज सुरू होऊन महिना उलटला असता. आधी द्यायचा तर हातात जागा नाही. ही अडचण नोकरी करणाऱ्या प्रत्येक सीईटीवाल्याला येते आणि तयारीच्या गप्पांत तिचं नाव कुणी घेत नाही. तिने मागच्या वर्षांच्या कट ऑफ याद्या काढल्या, आपल्या पर्सेंटाइलला शेवटच्या पसंतीची जागा तरी नक्की मिळतेय हे पाहिलं, आणि गुणवत्ता यादी लागायच्या आधीच मॅनेजरशी बोलली. ६० दिवसांवर तडजोड झाली, उरलेले दिवस शिल्लक रजेतून वळते. दुसऱ्या फेरीत तिला तिसऱ्या पसंतीची संस्था मिळाली आणि कर्वेनगरहून तिथे जायला पीएमपीची एकच बस लागते.